इंत्रूज म्हणजे ख्रिस्ती शिमगा नव्हे

सोळा वर्षांपूर्वी मी एक चूक केली आणि ती छापूनही आणली. 2009 साली आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या वार्षिक अंकात मी वसईच्या ख्रिस्ती सणांवर चार पानांचा लेख लिहिला होता. राखेच्या बुधवारापूर्वीच्या तीन दिवसांबद्दल त्यात एक वाक्य होते: हा ख्रिस्ती लोकांचा शिमगाच होय. वाक्य मला फार आवडले होते. त्यात अभ्यास होता, शेजारधर्म होता आणि वाचनालयाच्या अध्यक्षांनी भाषणात उचलावे इतका सोपेपणाही होता. त्यांनी ते उचललेही.

अर्नाळ्याहून आगाशीकडे जाताना जी पानवेलींची आणि केळीची वाडी लागते, तिथल्या एका आजीला तिच्या नातवाने तो लेख वाचून दाखवला. आजी तेव्हा ऐंशीच्या घरात होती. माझी आई तिच्याकडून सुकेळी घ्यायची, तेव्हापासूनची आमची ओळख. तिने मला बोलावून घेतले, चहा दिला आणि म्हणाली, ‘‘बाबा, तू लिहिलंस ते चांगलं लिहिलंस, पण शिमगा तो शिमगा. आपल्या कोळ्यांच्यात ख्रिस्तीही शिमगा करतात, आणि तो उपासात येतो म्हणून फादर रागावतात. इंत्रूज उपासाच्या आधी येतो. त्याच्यावर कुणी रागावत नाही. मग दोन्ही एक कसे?’’ ती तिच्या कादोडीत बोलली. मी अर्थ आपल्या भाषेत दिला आहे.

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढची काही वर्षे मी ते शोधत राहिलो. हा लेख त्या शोधाचा हिशेब आहे आणि काही अंशी 2009 च्या लेखावरची माझीच टीका आहे. मी विद्यापीठातला माणूस नाही. एस.टी.त कारकुनी केली, बी.ए. बाहेरून दिले, इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला शिकलो. त्यामुळे ज्या पुस्तकांशी इथे भांडणार आहे ती मी उशिरा आणि एकट्याने वाचली आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आधी शब्दाकडे पाहू. आजी कधीही ‘कार्निव्हल’ म्हणाली नाही. तिचा शब्द ‘इंत्रूज’. गोव्याच्या कोंकणीतही हाच शब्द आहे. पोर्तुगीज ‘एंत्रुदु’वरून तो आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिन ‘इन्त्रोइतुस’ आहे, म्हणजे प्रवेश. प्रायश्चित्तकाळात शिरण्याचा दरवाजा तो इंत्रूज. ‘कार्निव्हल’ हा शब्द इटलीचा. त्याची ‘कार्ने व्हाले’, म्हणजे ‘मांसा, आता रामराम’, अशी गोड व्युत्पत्ती सगळीकडे सांगितली जाते. भाषेचे जाणकार मात्र ‘कार्ने लेव्हारे’, मांस दूर करणे, या बाजूने कौल देतात. आपल्याकडे ‘गटारी’ला ‘गतहारी’ असे संस्कृत धोतर नेसवतात, त्याची इथे आठवण होते. लोकांना सण चालतो, पण त्याचे नाव जरा अंघोळ करून आलेले हवे असते.

हे दोन शब्द दोन वेगळ्या काळांचे आहेत, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये एंत्रुदु हा जुना, रांगडा प्रकार होता. एकमेकांवर पाणी ओतायचे, पीठ फेकायचे, तोंडाला काळे फासायचे. ब्राझीलमध्ये मेणाच्या पोकळ लिंबांत सुगंधी पाणी भरून ती फोडत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या सुधारलेल्या मंडळींना याची लाज वाटू लागली, बंदीचे हुकूम निघाले, आणि त्याच्या जागी इटलीच्या धर्तीवरचा, मुखवट्यांचा, नाचाच्या मेजवान्यांचा आणि सजवलेल्या गाड्यांचा ‘कार्नाव्हाल’ आणला गेला. म्हणजे इटालियन कार्निव्हल हे पोर्तुगीज जगात घातलेले नवे कपडे होते. वसई पोर्तुगिजांच्या हातून 1739 सालीच गेली. अर्नाळ्याचा किल्ला तर त्याआधी दोन वर्षे मराठ्यांनी घेतला होता. आज त्याच्या दरवाज्यावर मराठी शिलालेख आहे आणि ‘गाईंचे बेट’ हे त्याचे पोर्तुगीज नाव गावात कुणाला ठाऊक नाही. कपडे बदलायची वेळ आली तेव्हा वसई त्या घरात नव्हती. माझ्या मते म्हणूनच इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी जुना शब्द राहिला आणि नवा आलाच नाही. यावर एक आक्षेप मला स्वतःलाच दिसतो. मराठ्यांच्या आणि इंग्रजांच्या काळातही गोव्याहून पाद्री वसईकडे येत राहिले, तेव्हा शब्द त्यांच्याबरोबरही आलेला असू शकतो. पण तसे धरले तरी त्यांनी आणला तो इंत्रूजच. कार्नाव्हाल नव्हे.

आजी सांगायची तो इंत्रूज असा. रविवार, सोमवार, मंगळवार असे तीन दिवस. घरात डुकराचे मटण, फुगे, तांदळाची भाकरी. संध्याकाळ झाली की वाडीतली पोरे तव्याची काजळी तोंडाला लावून, आईचे लुगडे नेसून, घोंगडी पांघरून दारोदार जायची. बोलायचे नाही, कारण आवाज ओळखला की सोंग संपले. घरच्यांनी ओळखायचे, ओळखता नाही आले तर अंडे किंवा आणा द्यायचा. मंगळवारी रात्री चर्चची घंटा झाली की तोंड धुऊन झोपायचे. बुधवारी सकाळी त्याच कपाळावर राख.

एवढेच. ना राजा, ना गाड्या, ना मिरवणूक.

हे मनात ठेवून मी गटेचे ‘रोमचा कार्निव्हल’ वाचले. ‘इटलीचा प्रवास’ या त्याच्या पुस्तकाची जुनी इंग्रजी प्रत मला फोर्टातल्या पदपथावर मिळाली होती. गटेने हा उत्सव दोनदा पाहिला. 1787 साली तो कंटाळला. 1788 साली मात्र त्याने टिपणे काढली आणि पुढच्या वर्षी रंगीत चित्रांसह छोटे पुस्तक छापले. युरोपातल्या एखाद्या सणाचे इतक्या थंड डोक्याने केलेले वर्णन माझ्या वाचनात दुसरे नाही. तो सांगतो की हा उत्सव लोकांना कुणी दिलेला नाही, लोकांनी तो स्वतःच स्वतःला दिला आहे. सरकारला त्यासाठी फारशी तयारीही करावी लागत नाही आणि खर्चही. दुपारी कॅपिटॉलवरची घंटा वाजते आणि कोर्सो नावाच्या एका लांबट, अरुंद रस्त्यावर सगळे रोम लोटते. पुरुष बायका होतात, बायका शिपाई होतात. खोटे वकील येणाऱ्याजाणाऱ्यावर दावे लावतात. चुन्याच्या गोळ्या भिरकावल्या जातात. संध्याकाळी याच रस्त्यावरून बिनस्वाराचे घोडे सोडतात.

आणि मग शेवटची रात्र. प्रत्येकाच्या हातात पेटती मेणबत्ती. आपली जपायची, दुसऱ्याची विझवायची. जिची विझली त्याच्या नावाने मरणाचा शाप ओरडायचा. एक पोरगा बापाची मेणबत्ती विझवतो आणि बापालाच तो शाप देतो, बाप रागावतो, पोरगा आणखी जोरात ओरडतो. गटे हे लिहितो आणि पुढच्याच पानांवर आयुष्य, जन्म, मरण यांच्याबद्दल गंभीर होतो. माझ्या मते ते गंभीर परिच्छेद लेखातला सर्वांत कच्चा भाग आहेत. मेणबत्ती विझवणाऱ्या पोराने जे सांगून झाले, ते तत्त्वज्ञानाने पुन्हा सांगायची गरज नव्हती. पण आजीच्या ‘आवाज ओळखला की सोंग संपले’ या नियमाचा रोममधला भाऊबंद मला त्या पोरात सापडला. दोन्हीकडे एका रात्रीपुरते घरच्या माणसाला घरच्या माणसाची ओळख नाकारता येते.

गटेला धरूनच बाख्तीनकडे जावे लागते. रशियातला हा अभ्यासक. राब्लेवरचा त्याचा प्रबंध 1940 साली तयार होता, 1946 साली त्यावर वाद झाला, डॉक्टरेट मिळाली नाही आणि पुस्तक निघाले ते 1965 साली. त्यात त्याने गटेच्या या लेखाचा पुष्कळ आधार घेतला आहे. मराठी समीक्षेत गेली काही दशके ‘कार्निव्हल’ हा शब्द जो फिरतो तो गोव्याहून आलेला नाही, आणि वसईहून तर नाहीच नाही. तो मॉस्कोहून, इंग्रजी भाषांतरामार्गे आला. तमाशा, शिमगा, वग, शिवराळ कादंबरी, जे जे उलटेपालटे ते ते कार्निव्हल, असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली. मीही त्या सवयीतूनच ते 2009 चे वाक्य लिहिले, हे आता कळते. बाख्तीनचे म्हणणे थोडक्यात असे: कार्निव्हलमध्ये रंगमंच नसतो, प्रेक्षक नसतो, सगळेच आत असतात; वरचे खाली येतात, खालचे वर जातात, आणि त्या काळापुरते भय संपते.

यातला पहिला भाग मला मोलाचा वाटतो, दुसरा मी जपून घेतो.

पहिल्याचे मोल गोव्यात कळते. पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतर थोड्याच वर्षांत, बाख्तीनचे पुस्तक निघाले त्याच 1965 साली, तिमोतेयो फर्नांडिस यांच्या पुढाकाराने पणजीत कार्निव्हलची मिरवणूक सुरू झाली. मोमो राजा आला, ‘खा, पिये आनी मजा कर’ हा त्याचा हुकूम आला, सजवलेल्या गाड्या आल्या. पुढे पर्यटन आणि जाहिरातदार आले. मी ती मिरवणूक दोनदा पाहिली आहे. गर्दीत, अडथळ्याच्या दोरीअलीकडे उभा राहून. दोरी आली तिथे बाख्तीनचा कार्निव्हल संपला. पलीकडे खेळणारे, अलीकडे पाहणारे. याला मी वाईट म्हणत नाही. व्हेनिसचा कार्निव्हलही 1797 साली तिथले प्रजासत्ताक बुडाल्यावर विझला आणि आज आपण चित्रांत पाहतो तो 1980 च्या सुमारास पुन्हा उभा केलेला आहे. व्हियारेज्जोच्या प्रचंड गाड्या 1873 पासूनच्या. सण मरतात आणि कुणीतरी ते पुन्हा उभे करतो, त्यात लाज नाही. पण त्याच दिवसांत साष्टीच्या गावांत, चर्चपुढच्या किंवा घरापुढच्या मोकळ्या जागेत, जमिनीवरच होणारे इंत्रुजाचे ‘खेळ’ माझ्या लेखी या विषयातला अस्सल ऐवज आहेत. पडदा नाही, उंचवटा नाही. गावातलीच माणसे गावातल्याच भानगडी गाण्यांतून मांडणार आणि ज्याची भानगड तो समोर बसलेला. अँतोनियो मोराईश यांच्यासारख्यांनी 1960 च्या दशकात हा खेळ रंगमंचावर नेला, तिकीट लागले, तो वर्षभर चालू लागला आणि त्यातून तियात्राच्या शेजारी दुसरे नाट्य उभे राहिले. चांदर गावी तर याच दिवसांत ख्रिस्ती पुरुष मुसळे घेऊन नाचतात, आणि ते चांदर म्हणजे कदंबांची जुनी राजधानी. मराठी नाट्य-समीक्षेने दशावतारावर जितके लिहिले त्याच्या दशांशानेही या खेळांवर लिहिले नाही. भाषा रोमी लिपीत आणि देव चर्चमध्ये, याखेरीज त्याला दुसरे कारण मला दिसत नाही.

आता दुसरा भाग. भय कुणाचे संपते?

रोमच्या ज्या कोर्सोवर गटेने घोडे पाहिले, त्या उत्सवात एके काळी ज्यू माणसांना पळवत. 1466 साली पोप दुसरा पॉल याच्या वेळी या शर्यती सुरू झाल्या. पुढे पुढे त्यांत टवाळी, घाण फेकणे, सगळे आले. 1668 साली पोप नवव्या क्लेमेंटने ते बंद केले, पण त्या बदली ज्यू वस्तीवर कर बसवला आणि तो पैसा उत्सवाकडेच वळला. म्हणजे दोनशे वर्षे रोमच्या लोकांनी स्वतःला दिलेल्या या सणात काही लोक केवळ पळण्यासाठी होते. बाख्तीनच्या मोठ्या पुस्तकात हे हसू फार मोकळे दिसते, कारण ते ज्याच्यावर हसले जाते त्याच्या बाजूने पाहिलेले नाही.

हे वाचल्यावर मी आजीला एक प्रश्न विचारला, जो आधी विचारायला हवा होता. सोंगे कुणाची काढायचे? ती भराभर सांगू लागली. मास्तर, तलाठी, दारूवाला, दाक्तर, फौजदार. मी म्हटले, आणखी? ती थांबली. मग म्हणाली, ‘‘कातकरीण. काळं फासायचं ते त्याचसाठी ना.’’ त्या पुढे ती बोलली नाही आणि मीही विचारले नाही. त्यांच्या वाडीत राबायला येणाऱ्या आदिवासी बायका त्या रात्री कुठे असत, त्यांच्या दारी सोंग जाई का, हा प्रश्न माझ्या वहीत तसाच लिहिलेला आहे. माझ्या घरच्या शिमग्यातही तीच सोंगे असायची हे मला आठवले, म्हणून तर विचारवले नाही. वर बसलेल्या तलाठ्याची टवाळी आणि खाली राबणाऱ्या बाईची टवाळी एकाच काजळीने होत होती. ‘उलटापालट’ हा शब्द या काजळीला पुरत नाही.

इथवर मी इंत्रूज आणि शिमगा यांच्या सारखेपणाबद्दलच बोललो असे वाटेल. सोंगे, काळे तोंड, शिव्या, बायकांचे कपडे, हे सारखे आहेच. 2009 साली मी तेवढ्यावरच थांबलो होतो. आजीचा प्रश्न मात्र सोंगांचा नव्हता, क्रमाचा होता. तो सोडवायला मला पुस्तके नव्हे, दोन दिनदर्शिका लागल्या. एक ‘कालनिर्णय’, दुसरी चर्चची.

ईस्टर कधी येतो? 21 मार्चला किंवा त्यानंतर जी पौर्णिमा चर्चच्या गणिताने येते, तिच्या नंतरच्या पहिल्या रविवारी. राखेचा बुधवार त्याच्या 46 दिवस आधी, आणि इंत्रुजाचा मंगळवार 47 दिवस आधी. ईस्टर पौर्णिमेनंतर एक ते सात दिवसांत पडतो, म्हणून तो मंगळवार त्या पौर्णिमेच्या 40 ते 46 दिवस मागे जातो. दीड चांद्रमास म्हणजे सुमारे 44 दिवस. पौर्णिमेपासून दीड महिना मागे गेले की काय येते? अमावास्या. इंत्रूज दर वर्षी अमावास्येच्या आसपास पडतो. एकदोन दिवस आधी किंवा चारपाच दिवस नंतर. होळी पौर्णिमेची. हे दोन सण एकत्र येऊच शकत नाहीत!

ईस्टरची पौर्णिमा बहुतेक वर्षी आपली चैत्री पौर्णिमा असते. तेव्हा मागची अमावास्या माघाची ठरते आणि माघ अमावास्येच्या आदल्या दिवशी महाशिवरात्र. 2023 साली महाशिवरात्र 18 फेब्रुवारीला होती, इंत्रुजाचा मंगळवार 21 ला. 2025 साली 26 फेब्रुवारी आणि 4 मार्च. आणि 2022 साली दोन्ही एकाच दिवशी, 1 मार्चला. त्या दिवशी आमच्याकडे तुंगारेश्वरला जाण्याची लगबग, ताटात रताळी आणि साबुदाणा. आणि वाडीत मटणाचा शेवटचा दिवस. पंचांगातली एकच तिथी एका घरी उपास घेऊन आली आणि शेजारच्या घरी उपासाआधीची मेजवानी. इंत्रुजाचा पंचांगातला शेजारी शिमगा नसून शिवरात्र आहे, हे मला पन्नाशी गाठेपर्यंत कळले नव्हते, आणि आयुष्य तर दोन्ही कॅलेंडरांच्या मध्ये गेले.

मग होळी कुठे पडते? नेहमी उपासाच्या आत. साधारण वर्षी राखेच्या बुधवारानंतर दीडदोन आठवड्यांनी. आणि ईस्टरची पौर्णिमा फाल्गुनातली असेल तर थेट शेवटच्या, पवित्र आठवड्याच्या तोंडावर. 2021 साली 28 मार्चला आणि 2024 साली 24 मार्चला, सकाळी चर्चमध्ये झावळ्यांचा रविवार झाला आणि त्याच संध्याकाळी होळी पेटली. उत्तनपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावर काही ख्रिस्ती कोळीवाड्यांत होळी पेटते, हे इकडे सर्वांना माहीत आहे. तिथे सकाळी झावळी आणि संध्याकाळी होळीतले नारळ, अशी ती दोन वर्षे गेली. ‘फादर रागावतात’ हे आजीचे म्हणणे या गणितातून उलगडते. होळी करणारा ख्रिस्ती कोळी दर वर्षी आपल्या चर्चचा उपास मोडण्याचा धोका पत्करून दर्यावरच्या भावकीशी नाते राखतो. इंत्रूज करणारा काहीच मोडत नाही. त्याला चर्चनेच दार उघडून दिलेले आहे. माझ्या त्या गोड वाक्याने या दोघांना एका पोत्यात भरले. कोळ्याची जोखीम पुसली आणि वाडीवाल्याचा सण त्याचा स्वतःचा उरू दिला नाही. ‘तुमचे ते मुळात आमचेच’ असे शेजाऱ्याला म्हणणे प्रेमाचे वाटते. ज्याला ते ऐकावे लागते, त्याला विचारावे.

राखेचेही तसेच. दोन्ही सणांत राख कपाळाला लागते, यावर मी 2009 साली एक परिच्छेद खर्च केला होता. पण होळीत आधी आग, मग राख, आणि राखेनंतर धुळवड. राख दंग्याचे दार उघडते. इंत्रुजात दंगा आधी, आणि राख दार लावते. ती राख असते गेल्या वर्षीच्या झावळ्यांची. घराघरांतून वाळलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत जमा होतात आणि जाळल्या जातात. आजी झावळीचा क्रूस करून पंचांगासारखा भिंतीला लावायची आणि वर्षाने परत द्यायची. वस्तू तीच, पण क्रम उलटा झाला की तिचा अर्थ उलटतो, ही साधी गोष्ट तुलना करण्याच्या उत्साहात सुटून जाते. लोकसंस्कृतीवर लिहिणाऱ्या आम्हा हौशी मंडळींना साम्य सापडले की आनंद होतो आणि आम्ही तिथेच जेवायला बसतो.

तुलनाच करायची तर रचनेने इंत्रुजाला जवळची आहे ती गटारी. आषाढी अमावास्या, उद्यापासून श्रावण, म्हणून आज कोंबडी आणि बाटली. उपासाच्या उंबरठ्यावरची मेजवानी. अमावास्याही जुळते. गटारीला सोंगे नाहीत, गाणी नाहीत, तिचे कुणी कौतुक करीत नाही. आणि ‘कार्निव्हल’ म्हटले की जे अभ्यासक बाख्तीन काढतात ते गटारीला नाक मुरडतात. इंत्रुजाचे वर्णन मराठी वाचकाला एका वाक्यात करायचेच झाले तर मी आज म्हणेन: सोंगे शिमग्याची, जागा शिवरात्रीजवळची, कारण गटारीचे.

पण कारणाचीही एक गंमत अर्नाळ्यात आहे. युरोपात हिवाळ्यासाठी मारलेली डुकरे, साठवलेली चरबी, अंडी हे सगळे उपास लागण्यापूर्वी संपवायचे असे. चाळीस दिवस मांस नाही, जुन्या काळी दूधलोणीही नाही. त्या थंडीत मांस सोडणे ही खरी वजाबाकी होती. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्चात काय असते? किनाऱ्यावर बांबूंच्या ओळींवर बोंबील वाळत असतात, होड्या रोज लागतात. चर्चच्या नियमात मासळी मांसात धरत नाहीत. तेव्हा प्रायश्चित्तकाळात आमच्या बंदरावरच्या बायकांचा धंदा बसत नाही, उलट शुक्रवारी गिऱ्हाईक वाढते. माझी आई टोपली घेऊन आगाशीच्या बाजूला जायची ती याच दिवसांत जास्त. इटलीत ज्याला मांसाचा निरोप म्हणतात, तो आमच्या घरी मासळीचा हंगाम होता, आणि माझ्या शाळेच्या वह्या त्यातून आल्या. गटे, बाख्तीन, कोणाच्याही पुस्तकात मासळीवालीच्या टोपलीतून हा सण पाहिलेला नाही. मीदेखील पाहिला नव्हता. आईला जाऊन बरीच वर्षे झाल्यावर हे सुचले.

आजी 2019 च्या पावसाळ्यात गेली. तिच्या वाडीतला इंत्रूज त्याआधीच कित्येक वर्षे बंद पडला होता. बिल्डिंगी झाल्या, दारे बंद झाली, आणि सोंग ओळखायला शेजारी ओळखीचे असावे लागतात. हल्ली आसपासची तरुण मंडळी त्या शनिवार-रविवारी ‘कार्निव्हल नाइट’ करतात. दुकानातले पिसांचे मुखवटे, ध्वनिवर्धक, डोक्यावर मुगुट घातलेला मोमो. मी एकदा गेलो होतो. पोरे छान नाचत होती. आजीच्या नातवाला मी विचारले, याला इंत्रूज म्हणतात माहीत आहे का? तो म्हणाला, ‘‘काका, तो आजीचा शब्द. मला वाटायचं तिला इंट्रोडक्शन म्हणायचंय.’’ मी हसलो. मग मनात आले की पोरगा चुकून मुळाच्या फार जवळ गेला. प्रवेश तो प्रवेशच.

2009 च्या त्या अंकाच्या वाचनालयातल्या प्रतीत, माझ्या लेखाच्या त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने ‘चूक’ असे लिहून ठेवले आहे. ग्रंथपालांनी पाहिले, काही बोलले नाहीत. येत्या वर्षी महाशिवरात्र 15 फेब्रुवारीला, रविवारी आहे, आणि इंत्रुजाचा पहिला दिवसही तोच. नातवाने जेवायला बोलावले आहे. मी म्हटले, माझा उपास असेल. तो म्हणाला, मग मंगळवारी या, बुधवारपासून आमचा लागतो.